सुट्टी कर्मचाऱ्याची, सेवेची नव्हे
ऐनवेळच्या सार्वजनिक सुट्ट्या आणि दवाखाने

(भिलाई येथील सिविक सेंटरमध्ये स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सार्वजनिक सुट्ट्या दोन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार वर्ष सुरू होण्यापूर्वीच राजपत्रात प्रसिद्ध होणाऱ्या यादीतील सुट्ट्यांचा. दिवाळी कधी आहे, प्रजासत्ताक दिन कोणत्या वारी येतो, हे रुग्णालयाला, डॉक्टरांना आणि रुग्णालाही आधीच ठाऊक असते. त्या बेताने तपासणीच्या तारखा दिल्या जातात, औषधे दोन दिवस अधिकची दिली जातात आणि शस्त्रक्रियांची यादी आखली जाते. दुसरा प्रकार ऐनवेळी जाहीर होणाऱ्या सुट्ट्यांचा. थोर व्यक्तीचे निधन, एखादा राष्ट्रीय स्तरावरील सोहळा किंवा मिरवणुकांच्या बंदोबस्तासाठी बदललेली तारीख, अशा कारणांनी ती दोन-चार दिवस आधी, कधी आदल्या दिवशी जाहीर होते. अशा दिवशी दवाखाने बंद राहावेत काय, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

विषय वरवर पाहता लहान वाटतो. परंतु त्यात राज्यघटनेतील जीविताचा अधिकार, कार्यपालिकेचे अधिकारक्षेत्र, कामगार कायदे आणि सार्वजनिक आरोग्य हे चारही धागे एकत्र आले आहेत. त्यामुळे प्रशासनात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी तो मुळापासून समजून घेणे उपयुक्त ठरेल.

अलीकडील काही प्रसंग

६ फेब्रुवारी २०२२ रोजी, रविवारी, लता मंगेशकर यांचे निधन झाले. महाराष्ट्र शासनाने दुसऱ्याच दिवशी, सोमवार ७ फेब्रुवारी रोजी, सार्वजनिक सुट्टी जाहीर केली. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबर रोजी आल्याने ईदची सुट्टी २९ सप्टेंबरला हलविण्यात आली. २०२५ मध्ये मुंबई शहर व उपनगर जिल्ह्यांपुरती ईदची सुट्टी ५ सप्टेंबरऐवजी ८ सप्टेंबर रोजी देण्यात आली. या निर्णयांमागे लोकभावनेचा आदर आणि कायदा व सुव्यवस्थेची काळजी होती, हे मान्य केलेच पाहिजे.

सर्वाधिक चर्चा झाली ती २२ जानेवारी २०२४ या दिवसाची. अयोध्येतील प्राणप्रतिष्ठा सोहळ्यानिमित्त केंद्र शासनाने १८ जानेवारी रोजी आपल्या कार्यालयांना दुपारी अडीच वाजेपर्यंत अर्ध्या दिवसाची सुट्टी जाहीर केली. महाराष्ट्र शासनाने १९ जानेवारी रोजी अधिसूचना काढून पूर्ण दिवसाची सार्वजनिक सुट्टी दिली. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने, म्हणजे एम्सने, प्रथम अडीच वाजेपर्यंत कामकाज बंद ठेवण्याचे परिपत्रक काढले. त्यावर टीका होताच २१ जानेवारी रोजी ते मागे घेण्यात आले आणि बाह्यरुग्ण विभाग चालू ठेवण्याचे ठरले. पुदुच्चेरीच्या जिपमेर या केंद्रीय संस्थेतील अशाच सुट्टीचा प्रश्न मद्रास उच्च न्यायालयापर्यंत गेला. तातडीच्या सेवा चालू राहतील, हे संस्थेचे म्हणणे न्यायालयाने नोंदवून घेतले आणि हस्तक्षेप केला नाही.

दोन्ही संस्था केंद्र शासनाच्या आणि सुट्टीही तीच. तरीही एका ठिकाणी बाह्यरुग्ण विभाग चालू राहिला आणि दुसऱ्या ठिकाणी केवळ तातडीच्या सेवांची हमी पुरेशी मानली गेली. सुट्टीच्या दिवशी रुग्णसेवेचे नेमके काय करायचे, याचा निश्चित नियम नसला की निर्णय त्या त्या प्रमुखावर आणि त्या त्या दिवशीच्या दबावावर सोडला जातो, हे यावरून दिसते.

कायदा काय सांगतो

'सार्वजनिक सुट्टी' ही संज्ञा ज्या कायद्यामुळे व्यवहारात आली, तो रुग्णालयांचा कायदा नाही. तो परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ होय. त्याच्या कलम २५ चा विषय हुंडी, वचनचिठ्ठी यांसारखे दस्तऐवज कोणत्या दिवशी देय होतात, हा आहे. देय दिवस सार्वजनिक सुट्टीचा असल्यास दस्तऐवज त्याआधीच्या कामकाजाच्या दिवशी देय मानला जातो. सुट्टी जाहीर करण्याचा अधिकार केंद्र शासनाचा आहे. ८ मे १९६८ च्या अधिसूचनेने तो राज्यांकडेही सोपविण्यात आला. महाराष्ट्राच्या सुट्टीच्या अधिसूचनांत या दोन्हींचा उल्लेख असतो.

म्हणजेच सुट्टीच्या अधिसूचनेने बँकांचे व्यवहार थांबतात आणि शासकीय आदेशाने कार्यालये बंद होतात. परंतु खासगी डॉक्टरच्या दवाखान्याला त्या अधिसूचनेने आपोआप कुलूप लागत नाही. दवाखाना उघडा ठेवणारा डॉक्टर कोणताही नियम मोडत नसतो. शासकीय रुग्णालयाच्या बाबतीतही अत्यावश्यक सेवांना सुट्टीतून वगळण्याचा अधिकार शासनाकडेच असतो.

न्यायालयांची भूमिका येथे सातत्यपूर्ण राहिली आहे. दादरा व नगर हवेलीतील २ ऑगस्टच्या सुट्टीसंबंधीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले की, सार्वजनिक सुट्टी मिळणे हा कोणाचाही मूलभूत अधिकार नाही. सुट्टी द्यावी की न द्यावी हा शासनाच्या धोरणाचा भाग आहे. २२ जानेवारी २०२४ च्या सुट्टीला विधी शाखेच्या चार विद्यार्थ्यांनी आव्हान दिले, तेव्हा त्याच न्यायालयाने रविवारी, २१ जानेवारी रोजी विशेष सुनावणी घेऊन याचिका फेटाळली.

सुट्टीचा अधिकार मूलभूत नसला, तरी जीविताचा अधिकार मूलभूत आहे. परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले की, शासकीय असो वा खासगी, प्राण वाचविण्यासाठी सेवा देणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे. पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या प्रकरणात १९९६ मध्ये न्यायालय आणखी पुढे गेले. शासकीय रुग्णालयाने गरजू रुग्णाला वेळेवर उपचार न देणे हा अनुच्छेद २१ चा भंग आहे, असा निर्णय त्यात दिला गेला. या निर्णयातील 'वेळेवर' हा शब्द प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने कळीचा आहे.

दवाखाना म्हणजे दुकान काय?

हा प्रश्नही न्यायालयात येऊन गेला आहे. डॉ. देवेंद्र सुर्ती विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये असा निर्वाळा दिला की, डॉक्टरचा खासगी दवाखाना ही मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम, १९४८ च्या अर्थाने 'व्यापारी आस्थापना' नव्हे. स्वतःच्या ज्ञानावर व कौशल्यावर चालणारा व्यवसाय आणि नफ्यासाठी चालणारा व्यापार यांत न्यायालयाने भेद केला. पुढे कायद्याची दिशा बदलली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने आस्थापनेच्या व्याख्येत वैद्यकीय व्यावसायिकाचे रुग्णालय, दवाखाना, प्रसूतिगृह यांचा समावेश केला. त्याचबरोबर आस्थापना वर्षाचे सर्व दिवस चालू ठेवण्याची मुभा दिली आणि कामगारांना वर्षातून आठ भरपगारी सुट्ट्यांचा हक्कही दिला.

या तरतुदींची रचना पाहण्यासारखी आहे. कायदा आस्थापना चालू ठेवू देतो, पण त्यातील माणसाला सुट्टीचा हक्क देतो. सुट्टी कर्मचाऱ्याला मिळते, ती सेवेला मिळत नाही. प्रस्तुत प्रश्नाचे उत्तरही याच रचनेत आहे.

रुग्णाचे कॅलेंडर

'तातडीचा विभाग चालू आहे' असे सांगितले की जबाबदारी संपली, असा समज प्रशासनात आढळतो. तो अपुरा आहे. अपघात, हृदयविकाराचा झटका, प्रसूती यांच्यासाठी तातडीचा विभाग असतोच. परंतु तातडीचा नसलेला आणि तरीही तारखेला बांधलेला असा उपचारांचा मोठा वर्ग आहे. ऐनवेळच्या सुट्टीचा खरा फटका त्यालाच बसतो.

कुत्रा चावल्यानंतरची रेबीजप्रतिबंधक लस घ्या. ती स्नायूत दिल्यास ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, तर त्वचेत दिल्यास ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी द्यावयाची असते. ज्याला शुक्रवार, १९ जानेवारी २०२४ रोजी कुत्रा चावला आणि त्याच दिवशी पहिली मात्रा मिळाली, त्याची दुसरी मात्रा नेमकी सोमवार, २२ जानेवारी रोजी येत होती. पहिली मात्रा घेतली तेव्हा सोमवार हा त्याच्या दृष्टीने कामकाजाचा दिवस होता. चुकलेली मात्रा शक्य तितक्या लवकर घ्यावी, असे वैद्यकशास्त्र सांगते. पण दार बंद पाहून परत गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा येईलच, याची शाश्वती कोण देणार? आणि रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते.

दुसरे उदाहरण डायलिसिसचे. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला साधारणतः आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस घ्यावे लागते. २०१६-१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात घोषित झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे ही सेवा जिल्हा रुग्णालयांपर्यंत पोहोचली. सोमवार, बुधवार व शुक्रवार असा क्रम असलेल्या रुग्णाच्या बाबतीत शुक्रवार ते सोमवार हे अंतर आधीच सर्वांत मोठे असते. अमेरिकेतील रुग्णांच्या नोंदींवर आधारित आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, या मोठ्या अंतरानंतरच्या दिवशी मृत्यूचे व हृदयविकाराने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण इतर दिवसांपेक्षा अधिक आढळले. सोमवारची सुट्टी हे अंतर तीन दिवसांवरून चार दिवसांवर नेते.

तिसरे उदाहरण छत्तीसगड आणि विदर्भ या दोन्ही भागांच्या परिचयाचे आहे. सिकलसेलच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय अभियान सुरू झाले. या आजारात वेदनेची तीव्र लाट कधी येईल, हे सांगता येत नाही. ती येऊ नये म्हणून नियमित औषधे लागतात आणि ती सहसा बाह्यरुग्ण विभागातूनच मिळतात. सुट्टीमुळे औषधात पडलेला खंड पुढे तातडीच्या विभागावरचाच भार वाढवतो.

यात रोजंदारीचा हिशेब मिसळला की चित्र पूर्ण होते. खेड्यातून जिल्ह्याच्या ठिकाणी येणारा मजूर त्या दिवसाची मजुरी सोडून आणि भाडे खर्चून येतो. सोबत कोणी आले असेल, तर दोघांची मजुरी बुडते. केसपेपर काढण्याची खिडकी बंद दिसली की हा सारा खर्च त्याला पुन्हा करावा लागतो. ज्याच्याकडे फोन, वाहन आणि ओळखीचा खासगी डॉक्टर आहे, त्याला सुट्टीची बातमी वेळेत कळते आणि पर्यायही सापडतो. म्हणून ऐनवेळच्या सुट्टीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याला आपला बेत बदलणे सर्वांत कठीण, त्याच्यावर तो सर्वांत अधिक पडतो.

डॉक्टरांची बाजू

एवढ्यावरून डॉक्टरांनी व परिचारिकांनी कधीच सुट्टी घेऊ नये, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. निवासी डॉक्टरांच्या कामाचे तास हा आपल्याकडील जुना प्रश्न आहे. केंद्र शासनाच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग काम सामान्यतः बारा तासांपेक्षा अधिक नसावे आणि आळीपाळीने साप्ताहिक सुट्टी मिळावी, असे नमूद आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी त्याहून कितीतरी अधिक काम करावे लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकाता येथे निवासी महिला डॉक्टरवर झालेल्या अत्याचार व हत्येनंतर सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय क्षेत्रातील सुरक्षितता व कामाच्या स्थितीविषयी राष्ट्रीय कृती दल नेमले, तेव्हा हा प्रश्न देशापुढे पुन्हा ठळकपणे आला.

एकट्याने दवाखाना चालविणाऱ्या डॉक्टरची अडचण वेगळी आहे. त्याच्या मुलांची शाळा अचानक बंद होते, मदतनीस येऊ शकत नाही, प्रयोगशाळा व औषधाचे दुकान बंद असते. अशा डॉक्टरवर दवाखाना उघडण्याची सक्ती करता येणार नाही आणि करूही नये. थकलेला डॉक्टर हा रुग्णाच्याही हिताचा नसतो. तेव्हा विश्रांती आणि सेवा यांतील एकाची निवड करावयाची नसून दोन्हींची सांगड घालावयाची आहे.

भिलाईचा धडा

अशी सांगड अशक्य नाही, हे भिलाईइतके दुसरे गाव क्वचितच दाखवू शकेल. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. झोतभट्टी सणासुदीला विझवून दुसऱ्या दिवशी पेटविता येत नाही. कोक भट्ट्यांच्या सिलिका विटा एकदा तापविल्या की त्या वर्षानुवर्षे तापत्याच ठेवाव्या लागतात. थंड होऊ दिल्यास त्यांना तडे जातात. म्हणून दिवाळी असो वा पंधरा ऑगस्ट, कारखान्याच्या तिन्ही पाळ्या भरतात.

याचा अर्थ भिलाईच्या कामगाराला सुट्टी नाही असा नव्हे. सुट्टी पाळीपाळीने मिळते आणि बुडालेल्या सुट्टीची भरपाई होते. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ५३ ने भरपाई सुट्टीचे तत्त्व रुजविले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या स्थिती संहिता, २०२० च्या कलम २६ मध्येही ते कायम आहे. विटांना तडा जाऊ नये म्हणून जो देश एवढी शिस्त पाळू शकतो, त्याने रुग्णाच्या उपचाराला तडा जाऊ नये म्हणून ती पाळण्यास काय हरकत आहे?

याच नगरीतील सेक्टर ९ चे जवाहरलाल नेहरू रुग्णालय व संशोधन केंद्र भाजलेल्या रुग्णांच्या उपचारांसाठी ओळखले जाते. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक भट्टी विभागाच्या वायुवाहिनीवर काम चालू असताना झालेल्या दुर्घटनेत दहाहून अधिक कामगारांचा मृत्यू झाला आणि भाजलेल्यांना याच रुग्णालयात आणण्यात आले. भाजलेल्या रुग्णाची मलमपट्टी अनेक दिवस चालते. तिच्यात खंड पडला की जंतुसंसर्गाची शक्यता वाढते. पहिला दिवस तातडीच्या विभागाचा असतो, पुढचे सारे दिवस नियमित सेवेचे असतात.

सेवा लोकांच्या दिनक्रमाप्रमाणे चालविण्याचे एक उदाहरणही छत्तीसगडने घालून दिले. २ ऑक्टोबर २०१९ रोजी राज्यात मुख्यमंत्री हाट बाजार क्लिनिक योजना सुरू झाली. दुर्गम भागातील लोक आठवडी बाजाराला येतातच, तर त्या दिवशी डॉक्टरांचे पथक बाजारातच पाठवावे, ही त्यामागची कल्पना. मुंबईत नोव्हेंबर २०२२ पासून सुरू झालेल्या 'आपला दवाखाना' योजनेत संध्याकाळची वेळ ठेवण्यामागेही, दिवसा कामावर असणाऱ्यांची सोय हाच विचार दिसतो.

परदेशातील अनुभव

हा प्रश्न केवळ भारताचा नाही. ८ सप्टेंबर २०२२ रोजी ब्रिटनच्या राणी एलिझाबेथ द्वितीय यांचे निधन झाले आणि १९ सप्टेंबर हा अंत्यविधीचा दिवस सुट्टीचा ठरला. तेथील कौटुंबिक डॉक्टरांचे दवाखाने सामान्यतः बंद राहिले आणि अनेक रुग्णालयांतील आधी ठरलेल्या तपासण्या व शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ऑस्ट्रेलियाने २२ सप्टेंबर रोजी शोकदिनाची सुट्टी दिली, तेव्हा तेथील डॉक्टरांनीही अल्पावधीच्या सूचनेमुळे रुग्णांच्या तारखा विस्कटतील, अशी काळजी व्यक्त केली.

शोक आणि सुट्टी यांची फारकत करता येते, याचा दाखला मात्र भारतातच आहे. २७ जुलै २०१५ रोजी माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे निधन झाल्यावर केंद्र शासनाने सात दिवसांचा दुखवटा जाहीर केला, पण सुट्टी दिली नाही. त्यामुळे आदरात काही उणे पडले, असे कोणीही म्हटले नाही.

काय करता येईल

पहिली गोष्ट, सुट्टीच्या प्रत्येक आदेशात रुग्णसेवेसंबंधी निश्चित वाक्य असावे. 'अत्यावश्यक सेवा वगळून' एवढे मोघम शब्द पुरेसे नाहीत. तातडीचा विभाग, प्रसूती, डायलिसिस, रेबीजप्रतिबंधक व इतर ठरलेल्या लसी, कर्करोगावरील ठरलेले उपचार आणि औषधवाटपाची खिडकी यांचा नावानिशी उल्लेख व्हावा.

दुसरी गोष्ट, किमान सूचनेचा संकेत ठरवावा. ठरावीक दिवसांपेक्षा कमी अवधीत जाहीर झालेली सुट्टी शासकीय रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागाला लागू होऊ नये किंवा तो अर्धा दिवस तरी चालवावा. शनिवार-रविवारला जोडून आलेल्या सुट्टीसाठी हा नियम अधिक काटेकोर असावा.

तिसरी गोष्ट, त्या दिवशी काम करणाऱ्या डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ आणि सफाई कर्मचारी यांना ठरावीक मुदतीत बदली सुट्टी किंवा जादा मोबदला मिळालाच पाहिजे. कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही तो हक्क असावा. याशिवाय पहिल्या दोन सूचना म्हणजे एकाचा भार उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणे ठरेल.

चौथी गोष्ट, खासगी डॉक्टरांवर सक्ती नको, पण दारावर फलक असावा. दवाखाना बंद असल्याचे, जवळचा चालू असलेला दवाखाना कोणता याचे आणि १०८ या रुग्णवाहिका क्रमांकाचे त्यावर स्पष्ट लेखन असावे. एका वस्तीतील डॉक्टरांनी आपसात पाळी ठरविल्यास प्रत्येकाला सुट्टी मिळेल आणि वस्तीत एक तरी दार उघडे राहील.

पाचवी गोष्ट, ज्यांना तारीख दिली आहे त्यांना कळविणे ही रुग्णालयाची जबाबदारी मानावी. केसपेपरवर मोबाइल क्रमांक घेतलाच जातो. त्यावर संदेश पाठविणे किंवा आशा कार्यकर्तीमार्फत निरोप देणे फार खर्चाचे नाही.

विद्यार्थी मित्रांपैकी काही जण उद्या जिल्हाधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी किंवा सचिवालयातील कक्ष अधिकारी होतील. एखाद्या संध्याकाळी सुट्टीच्या आदेशाचा मसुदा त्यांच्यासमोर येईल. तेव्हा सुट्टी द्यावी की नाही, हे ठरविणे बहुधा त्यांच्या हाती नसेल. परंतु त्या मसुद्यात रुग्णसेवेचे एक स्पष्ट वाक्य घालणे आणि ज्यांनी ती सेवा द्यायची त्यांच्या बदली सुट्टीचे दुसरे वाक्य घालणे, हे निश्चितच त्यांच्या हाती असेल. दुसऱ्या दिवशी लसीच्या दुसऱ्या मात्रेसाठी गावाहून निघालेल्या माणसाला खिडकी उघडी मिळेल की बंद, हे त्या दोन वाक्यांवर अवलंबून राहील.